घराण्यात आहे

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे. मेंडेलचे वाटाणे, उंच झाड, बुटके झाड, पहिली पिढी, दुसरी पिढी. दोन वर्षांपूर्वी तो धडा झाला त्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटले तर आला, पण बसला नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याचे वडील वारले होते. कसे वारले ते शाळेत सर्वांना ठाऊक होते आणि कोणीच त्यावर बोलत नव्हते. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) आमच्या हुबळीत मराठी घरांतली मुले गल्लीत कन्नड बोलतात, वर्गात कन्नड बोलतात, भांडतातही कन्नडमध्येच, पण घरचे दुखणे सांगायचे झाले की मराठीवर येतात. तो म्हणाला,

"सर, उंची येते, डोळ्यांचा रंग येतो. मग आमच्या बाबांचं जे झालं, ते पण येतंय काय?"

मी म्हणालो, "छे, छे! असलं काही नसतं. डोक्यातून काढून टाक. मार्चमध्ये परीक्षा आहे."

"हो सर," म्हणाला आणि गेला.

मास्तरकीत तीस वर्षे गेली की 'हो सर'चे प्रकार कळू लागतात. समजले म्हणून एक असतो, घंटा झाली म्हणून एक असतो. हा तिसरा होता. या माणसाकडे उत्तर नाही, याला आणखी त्रास देऊ नये, असा. मुलाने माझी कीव केली आणि तो निघून गेला.

मला त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. मी चुकीचे सांगितले एवढेच ते कारण नव्हते. तोच प्रश्न वयाच्या अकराव्या वर्षी मी माझ्या वडिलांना विचारला होता, आणि त्यांनी मला जवळजवळ याच शब्दांत वाटेला लावले होते.

ज्या घरात असे एक मरण होऊन गेले आहे, त्या घराने पुढच्या पिढीला काय सांगायचे, आणि न सांगण्याचा अधिकार मोठ्यांना आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे. पण नीतीची चर्चा करण्याआधी वस्तुस्थिती काय आहे ते पाहिले पाहिजे. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. दैव आणि पुरुषकार यांवर तासभर बोलायला सांगा, बोलेन. रक्तातून काय येते याची मला खरोखर माहिती नव्हती. म्हणून पुढच्या रविवारी धारवाडला एका मनोविकारतज्ज्ञ मित्राकडे गेलो.

धारवाडला गेलो हे वाक्यसुद्धा आमच्या भागात सांभाळून लिहावे लागते. मुंबईकर 'ठाण्याला पाठवा' म्हणतो, पुणेकर 'येरवड्याला', तसे आमच्याकडे 'धारवाडला'. तिथले मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातले; आता ते डिमहान्स म्हणून ओळखली जाणारी शिक्षणसंस्था झाले आहे, डॉक्टर घडवते आहे; थट्टा मात्र जुनीच चालू आहे.

मित्राने चहा सांगितला आणि आधी शब्द नीट करून दिले. नैराश्याचा आजार, आणि ज्यात नैराश्य व उन्माद आलटूनपालटून येतात तो बायपोलर, यांना मिळून भावावस्थेचे विकार म्हणतात. हे विकार घराण्यांतून चालतात, हे आता वादाचे राहिलेले नाही. बायपोलर तर नैराश्यापेक्षा बराच अधिक चालतो. पण मुलाचा प्रश्न तेवढाच नव्हता. आजार येतो का, हा एक प्रश्न. आणि आजारात माणूस स्वतःचा जीव घेण्यापर्यंत जातो तो कल येतो का, हा दुसरा. मी आजवर हे दोन प्रश्न एकच समजत होतो.

दुसऱ्या प्रश्नावर डेन्मार्कमध्ये एक मोठे काम झाले. आपल्याकडे दत्तकाची परंपरा जुनी, म्हणून ते आपल्याला चटकन समजेल. शुल्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ते प्रसिद्ध केले. लहानपणी परक्या घरी दत्तक गेलेली आणि पुढे आत्महत्येने गेलेली ५७ माणसे त्यांनी दप्तरांतून शोधली, आणि तशीच दत्तक गेलेली पण या प्रकारे न गेलेली ५७ माणसे त्यांच्या जोडीला घेतली. मग दोन्हींची रक्ताची नाती पाहिली. पहिल्या गटाच्या २६९ रक्ताच्या नातेवाइकांपैकी १२ जण आत्महत्येने गेले होते. दुसऱ्या गटाच्या २६९ पैकी २. ज्यांनी दत्तक घेतले त्या घरांत, दोन्हीकडे, एकही नाही. म्हणजे ज्याने वाढवले त्याच्याकडून नव्हे, ज्याने जन्म दिला त्याच्याकडून काहीतरी आले होते. माझे 'असलं काही नसतं' तिथेच पडले.

दुसरे काम अमेरिकेतले. पेन्सिल्व्हेनियात आमिश नावाचा एक धर्मपंथ आहे. घोडागाडीने फिरणारे, शेती करणारे, एकमेकांना धरून राहणारे लोक. त्यांच्या वंशावळी चोख ठेवलेल्या असतात. एजलंड आणि ससेक्स या दोघांनी १८८० ते १९८० अशा शंभर वर्षांतल्या त्यांच्यातल्या आत्महत्या मोजल्या आणि १९८५ साली मांडल्या. एकूण २६. त्यांतल्या २४ जणांना भावावस्थेचा मोठा विकार होता. आणि जवळजवळ तीन चतुर्थांश फक्त चार घराण्यांत होत्या. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. तितकाच नैराश्याचा आणि बायपोलरचा भार असलेली इतर घराणी तिथे होती, आणि त्यांच्यात असे मरण क्वचितच झाले होते. आजार तोच, त्याचा शेवट मात्र तो नाही.

"मग ते दुसरं काय असतं?" मी विचारले.

मित्र म्हणाला, एकच काही नसते. एक नाव घ्यायचेच तर उतावीळपणाचे घ्यावे लागेल: दुःखात किंवा रागात, विचाराच्या आधी हात उचलला जाण्याचा स्वभाव. पिट्सबर्गचे डेव्हिड ब्रेंट आणि न्यूयॉर्कचे जॉन मान यांनी भावावस्थेचे विकार असलेल्या आईबापांच्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. ज्या आईबापांनी स्वतः कधी असा प्रयत्न केला होता त्यांच्या मुलांत तशा प्रयत्नाची शक्यता जवळजवळ पाचपट दिसली, आणि आजार मुलात उतरला हे हिशेबात धरून झाल्यावरही ती उरली. २०१५ सालची ही गोष्ट. पाचपट हा शब्द ऐकून मी दचकलो. मित्र म्हणाला, "तू एम.ए. झालास, पण गणित विसरलास. लहान संख्येची पाचपट ही बहुधा लहानच असते." जनुकांचा शोध तर इतका पुढे गेला आहे की २०२३ साली चाळीस हजारांहून अधिक माणसांच्या नमुन्यांतून बारा ठिकाणे सापडली, आणि तरीही कोणाचे रक्त तपासून तो पुढे असे करील की नाही हे सांगणारी एकही चाचणी नाही. वाटाण्याचे उंच-बुटके एका घटकावर ठरते. येथे असंख्य बारीक फरक आहेत, प्रत्येकाचे वजन कणाएवढे. वाटाण्यांवरून आलेला प्रश्न वाटाण्यांनी सुटणारा नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर एक वजाबाकी केली. ती पुढे सांगतो.

हुबळी-धारवाडच्या माणसाला 'घराणे' म्हटले की आधी किराणा आठवतो. अब्दुल करीम खाँसाहेबांकडून कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे, त्यांच्याकडून गंगूबाईंकडे आणि भीमसेनांकडे. यांत रक्ताचे नाते कोणाचेच कोणाशी नाही. समोर बसून, वर्षानुवर्षे ऐकून, एकाचे दुसऱ्यात उतरले. आमच्या भागात घराणे या शब्दाला हा दुसरा अर्थ आहे, आणि या विषयातही तो सोडता येत नाही. घरातला पुरुष दुःख झाले की काय करतो, भिंतीकडे तोंड करून निजतो की कोणाला तरी हाक मारतो, हे मूल समोर बसून शिकत असते. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी तर २००९ साली दाखवले की लहानपणी झालेल्या छळाची खूण ताणतणाव आवरणाऱ्या एका जनुकाच्या वागण्यावर उमटते, आणि ती मृत्यूनंतर मेंदूत पाहता येते. म्हणजे रक्त एकीकडे आणि संस्कार दुसरीकडे, अशी जी भिंत आम्ही परीक्षेच्या उत्तरात घालतो, ती शरीरात नाहीच.

आणि न बोलणे हाही एक संस्कारच आहे. तो आमच्या घरात मी समोर बसून शिकलो.

माझे धाकटे काका १९८१ साली गेले. मी पाचवीत होतो. चार-सहा महिने ते खोलीतून बाहेर येत नव्हते, दाढी वाढलेली, आणि आजी ताट आत नेऊन ठेवी व तसेच परत आणी, एवढे आठवते. त्याआधीच्या उन्हाळ्यात हेच काका रात्र रात्र जागून आम्हा मुलांना पतंग करून देत, उधारीवर सायकल आणत, आणि कारखाना काढायच्या गोष्टी बोलत. आज ज्याला नाव आहे त्या आजाराची दोन्ही टोके आम्ही पाहिली. तेव्हा पहिल्याला 'उत्साह' आणि दुसऱ्याला 'आळस' म्हटले गेले. गेल्यावर 'अपघात' असे सांगण्यात आले. मी वडिलांना विचारले, त्यांनी डोक्यातून काढून टाकायला सांगितले.

त्या वर्षी घरातली मोठी माणसे गोकर्णाला जाऊन नारायणबळी करून आली. तो विधी दुर्मरण आलेल्यासाठी करतात. माणूस कसा गेला ते गुरुजींना सांगावेच लागते. म्हणजे शंभर मैलांवरच्या एका अनोळखी गृहस्थाला आमच्या घराने खरे सांगितले होते. घरातल्या सहा मुलांना मात्र सांगितले नाही. श्राद्धाला आम्ही तीन पिढ्यांची नावे गोत्रासह म्हणतो. 'नम्म मनितनदाग शुगर अद री', आमच्या घराण्यात साखर आहे हो, असे माझी आई शेजारच्या कन्नड बाईंना फाटकात उभी राहून सांगे, आणि त्या आपल्याकडचा रक्तदाब सांगत. साखर सांगता येते, रक्तदाब सांगता येतो.

२००४ साली माझा थोरला भाऊ आजारी पडला. (हे मी त्याच्या परवानगीने लिहितो आहे; मसुदा त्याने वाचला, आणि एक विशेषण खोडले.) डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, "घरात आधी कोणाला असा त्रास? कोणी असं गेलंय?" वडील शेजारच्या खुर्चीवर होते. ते म्हणाले, "नाही." मी दाराशी उभा होतो. मी काही बोललो नाही. तेव्हा मी चौतिशीचा, शाळेत नीती शिकवणारा माणूस होतो.

त्या एका 'नाही'ने काय झाले असते हे आज मला कळते. घरात बायपोलर असेल तर नुसत्या नैराश्याचे औषध देताना डॉक्टर जपतात, कारण त्याने काही वेळा उन्माद उफाळतो. घरात आत्महत्या झाली असेल तर रुग्णाला एकटे ठेवू नका, घरातली धोक्याची वस्तू कुलपात ठेवा, आठ दिवसांनी नव्हे तर दोन दिवसांनी या, असे सांगतात. लिथियम नावाचे औषध आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. भावावस्थेच्या विकारांत जीव वाचवणारे औषध म्हणून त्याची आजही गणना होते. ते कोणाला लवकर द्यावे हे ठरवताना घराण्याची माहिती कामाची असते. आम्ही डॉक्टरांच्या हातातला कंदील काढून घेतला होता. तिसऱ्या आठवड्यात मी एकटा गेलो आणि सांगितले. औषध बदलले. भाऊ सावरला, हळूहळू, दीड वर्षाने. आजही औषध चालू आहे, आणि त्याचा आंब्याचा बाग आहे.

बरा झाल्यावर त्याला काकांचे खरे कळले. तो रागावेल असे मला वाटले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला वाटत होतं, ह्या घरात असा मी एकटाच निपजलो."

हे वाक्य मी वीस वर्षे वागवतो आहे.

वडिलांवर मात्र अन्याय करायचा नाही. त्यांच्या बाजूला दोन भक्कम गोष्टी होत्या. पहिली अशी की अशी गोष्ट सांगणे म्हणजे मुलाच्या मनात तिचे बी पेरणे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. अनेकांना वाटते, अनेक शिक्षकांना वाटते. याचा अभ्यास झालेला आहे: माणसाला जीव देण्याच्या विचारांबद्दल सरळ, आस्थेने विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट पुष्कळदा त्याला हायसे वाटते. अर्थात सांगण्यालाही रीत आहे. कसे केले, कुठे केले, चिठ्ठीत काय होते, याची रसभरीत वर्णने घातकच, मग ती वर्तमानपत्रात असोत की घरात. काकांबद्दल मुलांना आजाराचे नाव आणि शेवट एवढे सांगणे पुरेसे होते.

त्यांची दुसरी गोष्ट अधिक अवघड. माझ्या दोन बहिणी लग्नाच्या होत होत्या.

येथे पुण्याच्या एका दांपत्याचा खटला आठवतो. सर्वोच्च न्यायालयाचा त्यावरचा १९७५ चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. लग्न १९५६ चे. मुलीच्या वडिलांनी लग्न ठरण्याआधी वराच्या वडिलांना पत्रे लिहून कळवले होते की उन्हाच्या मोठ्या तडाख्यानंतर मुलीच्या मनावर काही काळ परिणाम झाला होता आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात तिच्यावर उपचार झाले होते. त्या काळी, हाताने लिहून! मुलीच्या आईच्या नात्यातल्या एका डॉक्टरांनी पत्रांतल्या मजकुराला दुजोरा दिला, त्यावर वरपक्षाचे समाधान झाले आणि लग्न झाले. पुढे संसार बिघडला, आणि नवऱ्याने इतर आरोपांबरोबर फसवणुकीचाही आरोप केला. तो कोर्टात टिकला नाही. खटल्यातल्या पुढच्या गोष्टी दोन्ही बाजूंना दुःखाच्या आहेत, त्या येथे नकोत. मला त्या बापाची पत्रे महत्त्वाची वाटतात. त्याने मुलीचे लग्न पणाला लावून खरे सांगितले, आणि वीस वर्षांनी त्याच खऱ्याने त्याच्या मुलीला एका आरोपापुरती तरी सावली दिली.

पण ते तिच्या स्वतःच्या आजाराबद्दल होते. चुलत्याच्या, आजोबांच्या आजाराबद्दल सांगायचे का? आणि कोणी? २०१९ साली भावाच्या मुलीचे ठरत होते तेव्हा आमच्या घरी यावर तीन रात्री वाद झाला. माझे तेव्हाचे मत होते की सगळे सांगून टाकावे; नीतीचा झेंडा मी हाती घेतला होता. वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही सांगून मोकळे व्हाल, रात्र आम्हांला काढायची आहे." शेवटी पुतणीनेच निकाल दिला. बाबांचा आजार हा तिच्या घराचा भाग आहे, तो ती स्वतः त्या मुलाला सांगेल. मोठ्यांच्या बैठकीत, सुपारी फोडताना नव्हे. पहिले स्थळ परत गेले. त्यांना मी दोष देत नाही; भीती माणसाला असते. दुसऱ्या मुलाने ऐकून घेतले आणि आपल्या मावशीचे सांगितले. लग्न झाले.

त्यातून माझे मत थोडे बदलले. असे गुपित वंशातल्या थोरांचे नसते. ज्याच्या शरीरात ते चालत येणार आहे त्याचे ते आहे, म्हणून ते त्याला आधी सांगायलाच हवे, न सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने ते जगाला सांगायचे की नाही, केव्हा, कोणत्या शब्दांत, हे ठरवण्याचा अधिकारही मग त्याचाच. आमच्या वडिलांनी हे नेमके उलटे केले: गोकर्णाला सांगितले, घरात नाही. आणि मी दुसऱ्या टोकाला जाऊन पुतणीचे गुपित वाटायला निघालो होतो.

'मग अशांनी लग्नेच करू नयेत, मुले होऊ देऊ नयेत', असे म्हणणारे सुशिक्षित लोक मला भेटलेले आहेत. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही विवाहाला व अपत्यप्राप्तीला अयोग्य ठरेल इतका मानसिक विकार, अशी एक अट आहे. ती सरसकट लावायची नसते, पण बोलताना लोक सरसकट लावतात. हा रस्ता कुठे जातो ते जगाने पाहिले आहे. जर्मनीने १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्या आजारांच्या यादीत उन्माद-नैराश्याचा आजार नावानिशी होता. माझा भाऊ त्या यादीत आला असता, आणि पतंग करणारे काकाही.

कायद्याचे एक चांगलेही सांगितले पाहिजे. मुंबई पोलीस दलातला एक शिपाई, अपघातात डोक्याला मार बसून मनाने आजारी झालेला. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून त्याच्यावर ३०९ कलमाखाली खटला झाला, आणि १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत व कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयात ते कलम एकदा पडले, १९९६ साली पुन्हा उभे राहिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे ठरवले की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याला शिक्षा नको, उपचार हवेत. आणि १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली तिच्यात जुने ३०९ राहिले नाही. आजारी माणसाला गुन्हेगार म्हणायचे कायद्याने सोडले. आम्ही अजून 'आत्महत्या केली' म्हणतो, चोरी केली म्हणावे तसे. मी प्रयत्नपूर्वक 'आत्महत्येने गेला' म्हणू लागलो आहे. कॉलराने गेला म्हणतात, तसे. जीभ अजून अडखळते.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसे अशी गेली. महाराष्ट्रात २२,७४६, देशात सर्वांत जास्त, आणि आपल्या कर्नाटकात १३,६०६. कारणांच्या रकान्यात सर्वांत मोठा वाटा 'कौटुंबिक समस्या'. पोलिसाला एक कारण लिहावे लागते, तो लिहितो. आजोबांपासून चालत आलेला आजार, त्यात झालेले कर्ज किंवा भांडण, आणि त्या रात्री कोणी जागे नसणे, हे तिन्ही एका रकान्यात मावत नाही. प्रत्येक वेळी घराण्यातलाच आजार असतो असेही नाही.

आमच्या धारवाडात जी. ए. कुलकर्णी राहिले, इंग्रजी शिकवले, आणि मराठीतली नियतीची सर्वांत काळोखी कथा तिथे बसून लिहिली. तरुणपणी मी त्या कथांनी झपाटलो होतो. काकांचे जे झाले ते व्हायचेच होते, असे मानण्यात एक प्रकारची भव्यता वाटे. कथेत ती आहेच. पण भावाच्या खाटेशी रात्री बसलो तेव्हा त्या भव्यतेचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो आठ वाजताच्या गोळीचा आणि पाळीपाळीने जागणाऱ्या दोन मेहुण्यांचा.

आता त्या मुलाकडे येतो. धारवाडहून परतल्यावर मी त्याला बोलावून घेतले. आधी त्याच्या आईशी बोललो. तिची परवानगी घेतली आणि तिलाही विचारले की मी सांगू की तुम्ही. ती म्हणाली, तुम्ही सांगा, मी बाहेर बसते. या वेळी त्याला बसवले.

"परवा मी तुला खोटं बोललो," मी म्हणालो. "येतं. थोडं येतं."

त्याने मान वर केली. भीती दिसेल असे मला वाटले होते. दिसली ती वेगळीच गोष्ट. वर्गात उत्तर बरोबर आले की असतो तसा चेहरा.

मग मी त्याला डेन्मार्कचे सांगितले. २६९ आणि १२ हे आकडे फळ्यावर लिहिले, आणि बसमध्ये मी जी वजाबाकी केली होती ती त्याला करायला सांगावी असे ठरवले होते. सांगावे लागले नाही. "म्हणजे दोनशे सत्तावन्न तसे गेले नाहीत," तो म्हणाला. त्या रक्ताच्या नात्यातले असूनही, एवढे मी जोडले. १९९१ साली अमेरिकेत जुळ्यांचा अभ्यास झाला होता तोही सांगितला: अगदी एकसारख्या ६२ जोड्या, ज्यांतला किमान एक असा गेला, दोघेही गेले अशा जोड्या ७. बासष्ट वजा सात त्याने तोंडीच केले. मी त्याला हेही सांगितले की यामुळे त्याला इतरांपेक्षा काही गोष्टी जपाव्या लागतील. सलग रात्री झोप आली नाही, दोन आठवडे कशातच मन लागले नाही, किंवा उलट, झोपेवाचून फार भारी वाटू लागले, तर 'अभ्यासाचा ताण' म्हणून सोडायचे नाही. आईला सांगायचे, मला सांगायचे. दारू ही त्याच्यासाठी इतरांपेक्षा जास्त वाईट. कोणीच जवळ नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू, कोणत्याही वेळी, फुकट, कन्नडमध्येही बोलतात आणि मराठीतही. क्रमांक त्याने हातावर लिहून घेतला. मुले लिहितात तसा, पेनाने, तळव्यावर.

"बाबांना हे कोणी सांगितलं होतं काय, सर?"

मला ठाऊक नव्हते. तसे म्हणालो.

तो उठला, दप्तर उचलले, आणि दाराशी थांबला. बाहेर बाकावर आई बसलेली दिसत होती.

"सर, धाकटीला कोणी सांगायचं? आई की मी?" मग थोडा विचार करून म्हणाला, "ती सातवीत आहे. तिला अजून वाटाणे शिकवले नाहीत."